रब्बीबाबांचं आख्यान

लहानपणी माझी पक्की समजूत होती की रब्बीबाबा शेतकरी होते. खरीप आणि रब्बी हे दोन हंगाम आईने मराठीचा अभ्यास घेताना शिकवलेले. त्यामुळे आबा, म्हणजे माझे आजोबा, अलिबागहून फोनवर गोष्ट सांगायला लागले की माझ्या डोळ्यांपुढे गुडघाभर बर्फात हरभरा पेरणारा एक दाढीवाला म्हातारा यायचा. हसताय काय? दोह्यात वाढलेल्या पोरीने ना हरभऱ्याचं शेत पाहिलेलं, ना बर्फ. रब्बी म्हणजे यहुदी लोकांचा धर्मगुरू, हे मला चांगलंच उशिरा कळलं. आपण स्वतः यहुदी आहोत हे मात्र बोलता यायला लागल्यापासून माहीत होतं, कारण ते बाहेर बोलायचं नाही हेही त्याच वेळी शिकवलं गेलं होतं.

आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज कधी काळी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनाव नागावकर, बोली अलिबागची, जेवणात नारळ. आम्हाला ओळखायचं कशावरून? पप्पांचं नाव सॅम्युअल. ऑफिसात त्यांना सॅम म्हणत, मराठी मंडळी श्याम म्हणत, आणि पप्पा दोन्ही हाकांना सारखाच ओ देत. मी रूथ, म्हणून ऋतू. आई लीला, तिचं काही बदलावं लागलं नाही. आम्ही खोटं असं काही बोलत नव्हतो, लोक जे समजत ते समजू देत होतो. आणि हेही इथेच लिहून टाकते, की कतारमध्ये आमच्याशी कधी कोणी वाकडा शब्द बोललं नाही. खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन अंकल मला जिन्यात गाठून खजूर द्यायचे. भीती होती ती पप्पांच्या पोटात. तिला कारण होतं की नव्हतं, हे मला आज इतक्या वर्षांनीही ठरवता येत नाही.

आमचा फ्लॅट अल थुमामात, विमानतळाजवळ. विमान डोक्यावरून गेलं की आई बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडायची आणि विमान गेल्यावर तिथूनच उचलायची. त्यात फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी जोरात चाललेली. दिवसभर खांब ठोकल्याचा आवाज, आणि रस्ते रोज वेगळीकडे वळवलेले. कालचा शाळेचा रस्ता आज सापडेल याची खात्री नाही. पप्पा स्टेडियमच्या कामावर इंजिनिअर होते, छताचं पोलाद बघायचे. ते स्टेडियम इथल्या पुरुषांच्या विणलेल्या गोल टोपीच्या आकाराचं. आबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, "एवढी मोठी टोपी! कुणाच्या डोक्यासाठी रं शिवतोस, शाम्या?" पप्पा हसले. आबा आले की पप्पा असं हसायचे, एरवी नाही.

शुक्रवारी सुट्टी. दुपारी आई हमूर माशाच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून नारळाच्या रसात आमटी करायची. कोळंबी आमच्याकडे येत नसे. ज्या माशाला खवले नाहीत तो आम्हाला चालत नाही, पण शेजाऱ्यांनी विचारलं तर आई सांगायची, ऋतूला ॲलर्जी आहे. माझ्या अंगावर अशा किती ॲलर्ज्या लादल्या होत्या काय सांगू! आमचा पाळायचा शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच सुरू होतो, म्हणून दिवस मावळायच्या आत पडदे ओढायचे, दोन दिवे लावायचे, आणि भिजवून उकळलेल्या मनुकांचं सरबत पेल्यात घेऊन पप्पा हलक्या आवाजात प्रार्थना म्हणायचे. दाराच्या चौकटीला लावायची प्रार्थनेची नळी आम्ही कपड्यांच्या कपाटात आतल्या बाजूला ठोकली होती. कपाट उघडलं की बोटं तिला लावायची, मग ओठांना. शाळेचा युनिफॉर्म काढताना रोज हे करायचं, मला त्यात काही विशेष वाटत नसे. आबांना मात्र ते पाहवेना. "देवाला हँगरवर टांगलात?" एवढं म्हणाले आणि मग त्यांनी कपाटाकडे पाठ करून खुर्ची मांडली.

आबा कीर्तनकार होते. आमच्यात कीर्तन असतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मराठीतच, टाळ-चिपळ्या घेऊन, फक्त आख्यान योसेफाचं नाहीतर एस्तेर राणीचं. तरुणपणी आबांनी अलिबागपासून मुंबईपर्यंत अशी कीर्तनं गाजवली होती. पण त्यांचं खास आख्यान होतं रब्बीबाबांचं. महायुद्धाच्या धामधुमीत पळून आलेला पोलंडचा एक घड्याळजी त्यांच्या वडिलांकडे भाड्याने राहिला होता, त्याने ते लहानग्या आबांना सांगितलं. या घड्याळजीच्या पणजोबांचे पणजोबा रब्बीबाबांच्या ओसरीवर नाचलेले. तेव्हा तो पंथ अगदी नवा होता. रब्बीबाबा सांगत, देव पोथीत जेवढा सापडतो तेवढाच गाण्यात आणि नाचण्यात सापडतो, आणि ज्याला शब्द येत नाहीत त्याने नुसतं गुणगुणावं, तेही पोचतं. विद्वान मंडळी यावर नाकं मुरडायची. घरात खायची मारामार. रब्बीबाबांची बायको तोंडाची फटकळ आणि मनाची लोण्यासारखी. लेक एकच, बापाची लाडकी. रब्बीबाबांचं खरं नाव आबांनी कधी घेतलं नाही. घड्याळजीही घेत नसे म्हणे.

माझ्या दहावीच्या वर्षी आबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. येऊन थोडेच दिवस झाले असतील, आई त्यांना भाजी आणायला घेऊन गेली आणि तिथे भेटल्या निकमकाकू. निकमकाका मूळचे नाशिकचे, पप्पांच्याच कंपनीत, पप्पांच्या वरचे. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार आणि कुणी सामान बांधायचं यात त्यांचा शब्द चाले. स्टेडियमचं काम आवरत आलेलं, दर आठवड्याला कुणाची तरी निरोपाची पार्टी. नोकरी गेली की व्हिसा गेला, घर गेलं, माझी दहावी अर्ध्यावर. आमच्या जेवणाच्या टेबलावर तेव्हा दुसरा विषय नव्हता. आणि भाजीच्या दुकानात, कोथिंबिरीची जुडी हातात धरून, आबांनी निकमकाकूंना सांगितलं की मी कीर्तनकार!

"अय्या, खरंच? मग आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला करा की! नाशिकहून बुवा येणार होते, त्यांचा व्हिसाच नाही आला," काकू म्हणाल्या. आईने घरी येऊन पिशवी ठेवली आणि मटकन खाली बसली. पप्पा तर उडालेच. "आबा, तुम्हाला कळतं का काही? नाही म्हणून सांगा!" आबा शांतपणे म्हणाले, "आता नाय म्हटलं तर का म्हणून विचारतील." ते खरंच होतं. मग तासभर खल झाला. योसेफ नको, एस्तेर तर नकोच. शेवटी आईलाच सुचलं. "रब्बीबाबांचं सांगू दे ना. रब्बी म्हटलं की लोकांना गहू-हरभराच आठवणार. इंग्रजीत तो शब्द रॅबाय होतो, मराठीत कोण ओळखतंय?" आबा म्हणाले, "आणि त्यात देवाशिवाय कुणाचं नावच नाय." पप्पांनी उठून दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण आबा, शनिवार हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काही झालं तरी नाही." आबांनी गळ्याची शपथ घेतली. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला त्यांची दयाच आली. किती वर्षांत त्यांना कुणी कीर्तनाला उभं राहायला सांगितलं नव्हतं.

निकमांचा व्हिला मदिनत खलीफात. शुक्रवारची सकाळ, हॉलमधले सोफे भिंतीला सरकवलेले, खाली चटया, चिवडा-चकल्यांचा वास. आबा पांढरं धोतर, उपरणं आणि काळी टोपी घालून उभे राहिले आणि मी बघतच राहिले. घरात गुडघे धरून उठणारा हा माणूस तो नव्हेच. आवाज असा लागला की स्वयंपाकघरातल्या बायका झारे हातात घेऊन दारात आल्या.

आख्यान लेकीच्या लग्नाचं होतं. लग्न दूरच्या गावी, व्याही श्रीमंत आणि विद्वान, या नाचऱ्या पंथाला हसणारे. लेक आधीच मावशीबरोबर पोचलेली. मागून रब्बीबाबा घोडागाडीत तिच्या संसाराची भांडी-गोधड्या घेऊन निघाले. वाटेत एक विधवा रडत बसलेली, तिचा घोडा मेला, सरपणाची गाडी बर्फात अडकली. रब्बीबाबांनी आपला घोडा सोडून तिच्या गाडीला जोडला आणि स्वतःच्या गाडीच्या दांड्या खांद्यावर घेतल्या. बायको मागून चालतेय आणि बोलतेय, "घोडा दिलात, आता गाडीपण द्या, आणि कुणी मागितलं तर मलाही देऊन टाका!" सगळा हॉल खो खो हसला. लग्नघरी पोचले तर व्याह्यांना वाटलं हमाल आला. त्यांना मागच्या दाराने स्वयंपाकघरात बसवलं, वाडग्यात सूप दिलं. बायको काही न बोलता शेजारी जमिनीवर बसली. आणि रब्बीबाबा आनंदाने गुणगुणायला लागले. आबांनी ते बिनशब्दांचं गाणं धरलं, "आय दाय दाय, दाय दाय दाय," आणि बघता बघता सगळे टाळ्या वाजवत म्हणू लागले. निकमकाका डोळे मिटून डोलत होते. मग आबा थांबले. नवरीने आतून ते सूर ओळखले. शालू सावरत ती सगळ्या विद्वानांसमोरून चालत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "हे माझे वडील."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. निकमकाका भारावून म्हणाले, "वा! अहो, पण हे रब्बीबाबा कुठल्या संप्रदायाचे? शेतकरी होते का? समाधी कुठे त्यांची?" आबा म्हणाले, "पेरायचं काम करीत. आपल्याकडून लांब आहे ते गाव." मला वाटलं, सुटलो. आणि तेवढ्यात मागून केदार बोलला. केदार पुण्याचा, आयटीतला, वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, चांगला मुलगा, मनात काही नसणारा. "एक मिनिट, हे रब्बी म्हणजे रॅबाय का? ज्यूंचे प्रीस्ट असतात ते? मी एका सिरीजमध्ये सेम असंच गाणं ऐकलंय! काका, तुम्ही लोक ज्यू आहात? हाऊ कूल!"

 कुणी वाईट नजरेने पाहिलं नाही, हे मी शपथेवर सांगते. सगळे नुसते कुतूहलाने पप्पांकडे वळले.  आणि पप्पा हसले. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. "छे रे! काहीतरीच काय! आबांचं... डोकं चालत नाही हो आता. डिमेन्शिया. टीव्हीवर काय बघतात, कुठलं कुठे जोडतात. आम्हीच त्यांना नको म्हणत होतो, पण म्हटलं, त्यांना बरं वाटेल. मनावर घेऊ नका."

माझा कानांवर विश्वास बसेना. नुकतंच तर आख्यानातली ती पोर दारात उभी राहून 'हे माझे वडील' म्हणाली होती! आई चकलीचं ताट धरून तशीच पुतळा झालेली.  आबांच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. त्यांनी पप्पांकडे पाहिलं. रागाने नाही, दुखावूनही नाही. आपण एखाद्या माणसाला कुठे बघितलंय ते आठवत असताना पाहतो तसं. मग त्यांचे खांदे खाली आले, ओठ सैल पडले. चिपळ्या उलट्यासुलट्या करून बघत ते निकमकाकांना म्हणाले, "रेवसची बोट सुटली का हो? मला उशीर झाला. आई वाट बघत असेल." काका घाईघाईने उठले आणि त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. "या आबा, बसा हं. बोट आहे अजून." बायका चुकचुकल्या. केदार बिचारा सॉरी सॉरी म्हणत राहिला. आबांनी लाडू खाल्ला तो असा, की अर्धा उपरण्यावर सांडला. आबा! ज्यांच्या ताटाबाहेर शीत पडत नसे!

आम्ही घरी आलो. दार बंद झाल्यावर पप्पा म्हणाले, "आबा, मला दुसरं काही सुचलंच नाही." आबा टोपी काढून ठेवत मला म्हणाले, "ऋतू, चहा टाक गो. आलं घाल." मी चहा टाकला. मला वाटलं, संपलं.

संपलं कसलं! निकमकाकू पडल्या मायाळू. दर शुक्रवारी मऊ भात आणि मेतकूट घेऊन यायला लागल्या. त्यांच्या मावशीला तोच आजार झालेला, म्हणून आबांशी त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या. आबा त्यांना कधी आई म्हणायचे, कधी मास्तरीणबाई. काकू गेल्या की उठून हात धुवायचे आणि पेपर वाचायला बसायचे, माझ्याकडून गणिताची उजळणी करून घ्यायचे. आधी मला या नाटकाची गंमतसुद्धा वाटली, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस पप्पा कामावरून आले, आबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आबा, बातमी आहे. कॉन्ट्रॅक्ट वाढलं." घरात आम्ही चौघंच. आबांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि अदबीने विचारलं, "वा, वा. साहेब, आपलं गाव कोणतं?"

 पप्पांना वाटलं चेष्टा आहे, ते हसायला गेले. आबा तसेच पाहत होते, उत्तराची वाट बघत. त्या दिवसापासून माझ्याशी आणि आईशी आबा अगदी पूर्वीसारखे, आणि पप्पांशी मात्र साहेब, आपण, बसा. आई एकदा चिडून म्हणाली, "आबा, पुरे आता! माणूस खंगतोय." आबा म्हणाले, "कोण गो? ते साहेब? भला माणूस आहे. जेवायला घालतात मला." पप्पांनी माफी मागितली, पाय धरले. आबा अवघडून पाय मागे घ्यायचे, "अहो, हे काय, आपण मोठे लोक." मी रात्रंदिवस विचार करायचे की हे खरं की खोटं. नातीला ओळखणारा माणूस मुलाला विसरेल कसा? आणि विसरला नसेल, तर एवढा कठोर झाला कसा? बापरे, आज लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

आबांच्या निघण्याच्या आदल्या दिवशी निकमकाका-काकू भेटायला आले. काकू आबांना चमच्याने भात भरवत होत्या आणि मध्येच रुमालाने त्यांची हनुवटी पुसत होत्या. पप्पा समोर उभे. अचानक त्यांचा बांध फुटला. "वहिनी, थांबा! माझे वडील ठणठणीत आहेत. मी खोटं बोललो. आम्ही यहुदी आहोत, बेने इस्राएल. माझं नाव सॅम्युअल. ते कीर्तन आमचंच आहे, आणि त्यांच्यासारखं कीर्तन कुणाला येत नाही. मी घाबरलो आणि त्यांना वेडं ठरवलं."   ज्या गोष्टीसाठी एवढं सगळं केलं, ती त्यांनी सगळ्यांसमोर ओतून टाकली होती. काकूंचा चमचा हवेतच राहिला.

आबांनी काकूंच्या पदराला हात लावला आणि हळूच विचारलं, "बाई, हे साहेब का ओरडतायत? डोकं फिरलं की काय बिचाऱ्याचं?" आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

काकूंचे डोळे भरून आले. निकमकाकांनी पप्पांच्या पाठीवर हात ठेवला. "श्यामराव, समजतंय मला. मावशींच्या वेळी आमचंही असंच झालं होतं, आम्हीही मान्य करत नव्हतो. त्यात कामाचा ताण. थोडी सुट्टी घ्या." पप्पा पुन्हा पुन्हा सांगत राहिले, "नाही हो, खरं बोलतोय मी, खरंच," आणि ते जितकं सांगत तितकी त्या दोघांच्या चेहऱ्यावरची दया वाढत गेली. आमचं गुपित उघडं पडलं आणि कुणी त्यावर विश्वासच ठेवला नाही. नोकरी राहिली, घर राहिलं, माझी दहावी झाली. आबांनी आम्हाला वाचवलं की पप्पांना शिक्षा दिली, यावर आईचं आणि माझं पुढे कित्येकदा कडाक्याचं भांडण झालं. आई म्हणे वाचवलं. मी म्हणे, एवढं वाचवायला कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर आबा व्यवस्थित इस्त्रीच्या सदऱ्यात होते. पासपोर्ट त्यांनी स्वतःच सांभाळला. आईच्या डोक्यावरून हात फिरवला, मला जवळ घेऊन कानात म्हणाले, "गणितात चिन्हं चुकवतेस, लक्ष ठेव." आमच्यात मोठ्यांचा निरोप घेताना त्यांचे हात हातात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावतात. पप्पांनी तसे दोन्ही हात पुढे केले. आबांनी ते धरले नाहीत. दुरूनच नमस्कार केला आणि म्हणाले, "येतो साहेब. फार केलंत माझं. माझा मुलगा इथेच कुठेतरी कामाला आहे. भेटला तर सांगा, म्हाताऱ्याला नीट पोचवलं, काळजी करू नकोस."

पप्पा म्हणाले, "सांगतो."